तुमची प्रतिकारशक्ती झोपली नव्हती

पत्र असं आहे:

"डॉक्टरताई, मी ३९ वर्षांची, तुळजापूर तालुक्यात राहते. गावात तपासणी शिबिर होतं. त्रास काहीच नव्हता, नणंदेच्या आग्रहाने नाव दिलं. रिपोर्टवर 'एचपीव्ही १६ पॉझिटिव्ह' लिहून आलंय, पॅप टेस्ट मात्र नॉर्मल आहे. एका डॉक्टरांनी सांगितलं, दोन मुलं झालीत, आता पिशवी काढून टाका, डोक्याला ताप नको. दुसऱ्या एकांनी प्रतिकारशक्ती वाढवायचा तीन महिन्यांचा कोर्स दिलाय, साडेचार हजारांचा. मिस्टर पुण्याला कंपनीत आहेत, पंधरा दिवसांनी घरी येतात. हा विषाणू कसा लागतो ते मोबाईलवर वाचल्यापासून माझ्या मनात नको नको ते येतं, आणि त्यांच्याही येत असणार. सासूबाईंनी माझे कपडे वेगळे धुवायला सांगितलेत. मला एक कळत नाही. मला साधी सर्दी झाली तर दोन दिवसांत बरी होते. मग हा आत शिरला तेव्हा माझ्या शरीराला कळलं कसं नाही? मला कॅन्सर होणार का? मुलगी तेरा वर्षांची आहे, तिचं काय?"

तुमच्या पत्रातल्या 'शरीराला कळलं कसं नाही' या वाक्याखाली मी पेन्सिलीने रेघ मारून ठेवली आहे. तीस वर्षं मायक्रोस्कोपखाली याच पेशी बघितल्या, पण हा प्रश्न इतका सरळ कुणी विचारला नव्हता. तिकडे येतेच. आधी तातडीचं सांगते.

तुम्हाला कॅन्सर झालाय असं हा रिपोर्ट म्हणत नाही. पिशवीच्या तोंडावरच्या पेशींत एचपीव्ही या विषाणूचा १६ नंबरचा प्रकार सापडला, एवढंच तो म्हणतो. या विषाणूचे दोनशेहून जास्त प्रकार आहेत. बरेचसे निरुपद्रवी, काही चामखिळी आणणारे, डझनभर धोक्याचे. त्या डझनात सगळ्यात वांड १६. पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरपैकी साधारण ७० टक्के एकट्या १६ आणि १८ च्या नावावर आहेत. म्हणून १६ आला की पॅप नॉर्मल असली तरी तिथे थांबायचं नाही, कॉल्पोस्कोपी, म्हणजे पिशवीच्या तोंडाची भिंगातून तपासणी, करून घ्यायची. येत्या काही आठवड्यांत करा. उद्याच्या उद्या धावायची गरज नाही, पण दिवाळी झाल्यावर बघू, असंही नको.

पॅप नॉर्मल आणि हा पॉझिटिव्ह, म्हणजे कुठला तरी एक रिपोर्ट चुकला असं समजू नका. पॅपमध्ये आम्ही पेशीचा चेहरा बघतो, बिघडलाय का ते. एचपीव्ही टेस्ट विषाणूचा डीएनए शोधते. चोर घरात आहे, पण सामान अजून जागच्या जागी आहे, असंही असतं.

आता तुमचा प्रश्न. सर्दीचा विषाणू येतो तोच दंगा करत. नाक वाहतं, घसा सुजतो, कणकण येते. हा दंगा खरं तर विषाणूपेक्षा तुमच्या शरीराचाच जास्त असतो, कारण त्याला चाहूल लागलेली असते. एचपीव्ही चाहूलच लागू देत नाही. डोळ्यांना दिसणारही नाही एवढ्याशा खरचटण्यातून तो त्वचेच्या अगदी तळाच्या थरात जातो आणि तिथल्या पेशीत आपल्या मोजक्या प्रती ठेवून गप्प बसतो. तळाची पेशी हळूहळू वर सरकत जाते, तसा तो जागा होतो. नवे विषाणू तयार होतात ते थेट वरच्या थरात, जिथल्या पेशी आज ना उद्या गळूनच पडणार असतात. त्या गळतात, त्यांच्याबरोबर तोही बाहेर पडतो. कुठलीही पेशी अवेळी फुटत नाही, सूज नाही, ताप नाही, आणि रक्तात तर तो उतरतच नाही. बोंबाबोंबच झाली नाही तर गस्तीवाला येणार कुठून?

त्यातून कुणी गस्तीवाला आलाच, तर त्याचीही सोय केलेली असते. आपली प्रत्येक पेशी आत काय शिजतंय त्याचे छोटे छोटे तुकडे सतत आपल्या पृष्ठभागावर मांडून ठेवते, दुकानदाराने दारात धान्याचे नमुने मांडावेत तसे. रक्तातल्या टी-पेशी दारोदार फिरून ते नमुने तपासतात. परका तुकडा दिसला की पेशीचा निकाल लागतो. एचपीव्हीचं ई-५ नावाचं प्रथिन या नमुन्यांच्या थाळ्या आतच अडवून ठेवतं. पण सगळ्याच थाळ्या अडवल्या तर दुकान बंद दिसतं आणि बंद दुकानांवर धाड घालणारं पथक वेगळं असतं, त्याला एनके-पेशी म्हणतात. ई-५ ला जणू हेही ठाऊक आहे. टी-पेशी ज्या मुख्य थाळ्या तपासतात तेवढ्याच ते लपवतं. एनके-पेशींना शांत ठेवणाऱ्या थाळ्या बाहेर राहू देतं. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला त्या विषाणूचं कौतुक वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

याशिवाय ई-६ आणि ई-७ ही दोन प्रथिनं. विषाणू शिरलेली पेशी शेजारणींना सावध करायला इंटरफेरॉन सोडते. हे दोघं मिळून ती हाक दाबून टाकतात. आणि त्वचेच्या थरांत पहाऱ्याला असलेल्या लँगरहॅन्स पेशींची संख्या त्या जागी कमी होते. तेव्हा तुमची प्रतिकारशक्ती झोपली होती, कमजोर होती, असलं काही मनात आणू नका. तिला बातमीच मिळू दिली नाही.

ई-६ आणि ई-७ कडे जरा नीट बघू, कारण कॅन्सरची सगळी गोष्ट त्यांच्यापाशी आहे.

या विषाणूचं सगळं भांडवल म्हणजे जेमतेम आठ हजार अक्षरांचं डीएनएचं एक कडं. तुमच्या एकेका पेशीत सहाशे कोटींच्या वर अक्षरं असतात. तेव्हा स्वतःच्या नकला काढायला लागणारी यंत्रं त्याच्याकडे नाहीत, ती पेशीचीच वापरावी लागतात. आणि वर सरकलेल्या पेशींनी विभागणं थांबवलेलं असतं, त्यांची यंत्रं बंद असतात. ती चालू करायचं काम ई-७ चं. पेशीच्या विभागणीवर आरबी नावाचं प्रथिन हँडब्रेकसारखं काम करतं. ई-७ त्यालाच जाऊन बिलगतं आणि निकामी करतं. गाडी उताराला लागते.

अशा वेळी पेशीत पी-५३ जागं होतं. गडबड दिसली की विभागणी थांबवायची, दुरुस्ती करून घ्यायची, दुरुस्त होत नसेल तर पेशीला मरायला लावायचं, हे त्याचं काम. इथे ई-६ येतं. ते पी-५३ शी मारामारी करत बसत नाही. पेशीत एक एन्झाइम असतं, निकामी प्रथिनांवर 'टाकाऊ' असा शिक्का मारणारं. ई-६ त्याचा हात धरून तो शिक्का चांगल्या धडधाकट पी-५३ वर मारून घेतं. पुढचं काम पेशीची कचरागाडीच करते. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. त्या एन्झाइमचा शोध ई-६ मुळेच लागला, म्हणून शास्त्रात त्याला नावही 'ई-६ चं जोडीदार प्रथिन' असंच पडलं. बिचाऱ्याला ओळखसुद्धा चोरावरून मिळाली.

एवढं होऊनही बहुतेक वेळा कॅन्सर होत नाही. ई-६ आणि ई-७ वर विषाणूचंच आणखी एक प्रथिन, ई-२, लगाम ठेवून असतं. पण वर्षानुवर्षं मुक्काम राहिला की कधीतरी ते कडं तुटतं आणि पेशीच्या डीएनएत जाऊन अडकतं. तुटताना बहुधा ई-२ चीच मोडतोड होते. मग लगाम सुटतो, ई-६ आणि ई-७ बेसुमार बनायला लागतात, राखणदार नसलेल्या पेशीत चुका साठत जातात. शिरकाव झाल्यापासून कॅन्सरपर्यंत साधारण १५ ते २० वर्षं लागतात. एड्सच्या विषाणूमुळे किंवा दुसऱ्या कारणाने प्रतिकारशक्ती खचलेली असेल तर ५ ते १० वर्षांतही होतो. यात विषाणूचा फायदा शून्य. कॅन्सरच्या पेशीत त्याला नवे विषाणू बनवताच येत नाहीत, त्याचा वंश तिथे संपतो.

ही दोन प्रथिनं खरंच एवढी महत्त्वाची आहेत का, याचा पुरावा एका बाईने दिला, तिला न विचारता. हेन्रिएटा लॅक्स, अमेरिकेतल्या बाल्टिमोरजवळ राहणारी कृष्णवर्णीय बाई, पाच मुलांची आई. १९५१ साली पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरने वयाच्या ३१ व्या वर्षी गेली. तिच्या गाठीतल्या पेशी तिच्या परवानगीशिवाय प्रयोगशाळेत वाढवल्या गेल्या, आणि 'हीला' या नावाने जगभर आजही वाढताहेत. त्यांत १८ नंबरचा एचपीव्ही निघाला. कित्येक दशकांनी शास्त्रज्ञांनी त्या पेशींत ई-२ परत घातलं, म्हणजे ई-६ आणि ई-७ चा आवाज बंद केला. अर्धं शतक न थांबता वाढत आलेल्या पेशी वाढायच्या थांबल्या, म्हाताऱ्या झाल्या. आरबी आणि पी-५३ तिथेच होते, नुसते दाबून ठेवलेले.

हा विषाणू आणि हा कॅन्सर यांची गाठ हाराल्ड त्सुर हाउझेन या जर्मन डॉक्टरने घालून दिली. १९८३ मध्ये गाठींत १६ सापडला, वर्षभराने १८. त्याआधी सगळ्यांचा संशय नागिणीच्या कुळातल्या हर्पीसवर होता. २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

तुमची बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणी, झालीच तर रिपोर्टवर 'पी-१६' हा शब्द दिसू शकतो. तो वाचून घाबरू नका, तो १६ वेगळा, विषाणूचा नंबर नाही. आरबीचा ब्रेक लागत नाही म्हटल्यावर पेशी पी-१६ बनवत सुटते. वायर तुटलेल्या हँडब्रेकची दांडी माणूस पुन्हा पुन्हा ओढतो ना, तसं. आम्ही काचपट्टीवर रंग घालतो आणि तो भाग तपकिरी होतो. बाजूच्या निरोगी पेशी फिक्या निळ्या, आणि मध्येच तळापासून वरपर्यंत तपकिरी पट्टा. साध्या रंगातही विषाणूची पेशी ओळखू येते. मधलं केंद्रक मनुकेसारखं सुरकुतलेलं, भोवती रिकामं पांढरं कडं. एकदा नजर बसली की चुकत नाही.

आता साडेचार हजारांच्या कोर्सबद्दल. परत करता आला तर परत करा. काढा, गोळ्या, पावडर, यांतलं काहीही ई-५ ने अडवलेल्या थाळ्या बाहेर आणत नाही. गंमत अशी, की एवढं सगळं लपूनसुद्धा दहापैकी नऊ जणींच्या अंगातून हा विषाणू साधारण दोन वर्षांत जातो. टी-पेशी शेवटी त्याला हुडकतातच. म्हणजे तीन महिन्यांचा कोर्स घेतलेल्या बऱ्याच जणींचा पुढचा रिपोर्ट निगेटिव्ह येणारच आणि श्रेय पावडरीला जाणार. हा धंदा असाच चालतो. घरात कुणी सिगारेट-विडी ओढत असेल तर ती बंद करा, तिचा संबंध मात्र खरा आहे.

पिशवी काढण्याचं ऐकून मला राग आला. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्यांचं प्रकरण २०१९ मध्ये एवढं गाजलं, तरी ही सवय जात नाही. नुसत्या पॉझिटिव्ह रिपोर्टवर पिशवी काढायची नसते. एक तर विषाणू योनीच्या त्वचेतही राहू शकतो, पिशवीबरोबर तो जाईलच असं नाही. दुसरं, आत चुकून कॅन्सर सुरू झालेला असेल आणि तो न तपासता साधं ऑपरेशन उरकलं, तर पुढचा उपचार बिघडतो. कुणी घाई केली तर एवढंच विचारा: "बायोप्सीत काय आलं?"

कॉल्पोस्कोपीत पोट फाडत नाहीत, भूलही लागत नाही. पाळी नसतानाचा दिवस घ्या. पिशवीच्या तोंडाला पातळ ॲसिटिक ॲसिड लावतात, म्हणजे आपल्या व्हिनेगरचाच प्रकार. थोडं चुरचुरतं. मिनिटभरात बिघडलेल्या पेशींचा भाग पांढरा दिसू लागतो, डॉक्टर तो भिंगातून बघतात आणि शंका असेल तिथला तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा घेतात. नंतर एकदोन दिवस किंचित रक्त दिसेल. काहीच निघालं नाही तर वर्षाने पुन्हा एचपीव्ही टेस्ट. कॅन्सरच्या आधीची पायरी निघाली तर तेवढाच भाग उष्णतेने जाळतात किंवा तारेच्या कडीने काढतात. त्याच दिवशी घरी. सिव्हिलला चौकशी करा. तिथे सोय नसेल तर सोलापूरचं सरकारी मेडिकल कॉलेज किंवा बार्शीचं कॅन्सर हॉस्पिटल तुम्हाला जवळ आहे.

बार्शीवरून आठवलं. तुम्ही जी टेस्ट केलीत ती जीव वाचवते हे जगाला कुठे कळलं, सांगू? तुमच्याच जिल्ह्यात. १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून जास्त बायकांचा अभ्यास झाला. बार्शीचं हॉस्पिटल, मुंबईचं टाटा आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था त्यात होती. काही गावांत एचपीव्ही टेस्ट, काही ठिकाणी पॅप, काही ठिकाणी ॲसिटिक ॲसिड, आणि एका गटात नेहमीचंच, म्हणजे काहीच नाही. २००९ मध्ये निकाल छापून आला. साधारण सारख्याच संख्येच्या दोन गटांपैकी, तपासणी न झालेल्या गटात या कॅन्सरने ६४ जणी गेल्या, एचपीव्ही टेस्ट एकदाच झालेल्या गटात ३४. बाकी दोन पद्धतींनी मृत्यूंत तेवढा ठोस फरक पडला नाही. त्या 'काहीच नाही' गटावरून पुढे बरेच प्रश्न विचारले गेले, आणि विचारायलाच हवे होते. पण आज जगभर ही टेस्ट सुचवली जाते, त्यामागे तुमच्याच जिल्ह्यातल्या, तुमच्या आई-सासूच्या वयाच्या बायका आहेत. सासूबाईंना हे जरूर सांगा.

मिस्टरांबद्दल. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो हे खरं. पण तो कधी आला हे कुठलीच टेस्ट सांगत नाही. पाच वर्षांपूर्वी, पंधरा वर्षांपूर्वी, लग्नाआधी, कुणाकडूनही. वर्षानुवर्षं दबून राहून तो पुन्हा डोकं वर काढतो. शरीरसंबंध आलेल्या बहुतेक माणसांना, बाई असो की पुरुष, आयुष्यात कधी ना कधी याची लागण होते आणि जातेही. पुरुषांसाठी अशी नेहमीची टेस्टही नाही. त्यामुळे या कागदावरून कुणाच्याही चारित्र्याचा पंचनामा होऊ शकत नाही. त्यांचाही नाही आणि तुमचाही. तुमच्या दोघांत संशयाला दुसरं काही कारण असेल तर ते वेगळं बोला, रिपोर्ट मध्ये आणू नका. पुढच्या खेपेला ते आले की कॉल्पोस्कोपीला त्यांनाच बरोबर न्या. बाहेरच्या बाकावर बसू देत तासभर.

मुलीला लस द्या, याच वर्षी. लस म्हणजे विषाणूचं नुसतं रिकामं टरफल, एल-१ प्रथिनाचं. आत डीएनए नाही, ई-६ नाही, ई-७ नाही. विषाणू हे टरफल आपल्या शरीराला धड दिसूच देत नाही, लस ते दंडातून थेट समोर आणून ठेवते. प्रतिपिंडं तयार होतात आणि विषाणू पेशीत शिरायच्या आधीच त्याला दारात धरतात. म्हणूनच ती लहान वयात, शरीरसंबंधाच्या आधी द्यायची, ९ ते १४ सगळ्यात चांगलं. पुण्याच्या सीरमची सर्वाव्हॅक २०२३ पासून मिळते. मुलीच्या वयाला जागतिक आरोग्य संघटना एक किंवा दोन डोस सांगते. एका डोसवर भागतं याचा मोठा आधारही भारतातल्याच मुलींच्या अभ्यासाचा आहे, त्यात बार्शी होतीच. "लस घेतली की पुढे मूल होत नाही" असं कुणी म्हणालं तर त्याला तुमच्या वतीने मी खोटं म्हणते. तुम्हाला स्वतःला मात्र, आत असलेल्या विषाणूवर या लसीचा काही उपयोग नाही. आणि मुलगीही तिशीत आली की ही टेस्ट करणारच, लस सगळ्याच प्रकारांवर नाही.

राहिले कपडे. हा विषाणू साडीतून, टॉवेलमधून, एकाच बादलीतून घरभर पसरत नाही. तुमचे कपडे सगळ्यांच्यात टाका, सगळ्यांच्याच दोरीवर वाळत घाला. सासूबाईंचं वय साठीच्या आत असेल आणि त्यांची टेस्ट कधीच झाली नसेल, तर पुढच्या शिबिरात त्यांचं नाव तुम्हीच घाला. नणंदेने तुमचं घातलं होतं तसं.